जन्म एक्केचाळीस, डोस पन्नास

“ही नऊ मुलं जन्मली कुठे?” मी विचारलं.

लोंढे सिस्टरनी मान वर केली नाही. त्यांच्या एका हातात सुई होती, दुसऱ्या हातात एका गुटगुटीत पोराची मांडी. “कुठे म्हणजे? आईच्या पोटी,” त्या म्हणाल्या आणि टोचून मोकळ्या झाल्या. पोरानं भोकाड पसरलं, बाकावरच्या दहा-बारा बायका खुदकन हसल्या आणि माझे कान तापले.

मला कुणी हसलेलं खपत नाही. आजही खपत नाही, आणि तेव्हा तर मी एकोणतीस वर्षांचा होतो. जिल्हा आरोग्य कार्यालयात आकडेवारीच्या कामाला होतो आणि सगळा जिल्हा आपल्या संगणकात मावतो अशा घमेंडीत होतो. साठ किलोमीटर फटफटी हाणत करंजटेकच्या उपकेंद्रावर आलो होतो, तो काही स्वतःची थट्टा करून घ्यायला नाही.

“सिस्टर, मी मस्करी करत नाहीये. तुमच्या हद्दीत वर्षभरात जन्म एक्केचाळीस. पहिला डोस घेतलेली मुलं पन्नास. दोन्ही आकडे तुमच्याच अहवालातले.”

“मग बरोबरच असतील की.”

“न जन्मलेल्या मुलांना डोस कसा देतात, तेवढं सांगा मला.”

बाकावरचं हसू थांबलं. सिस्टरनी सुई डब्यात टाकली, कापसाचा बोळा पोराच्या आईच्या हातात दिला, “चोळू नको गं, नुसतं दाबून धर,” असं तिला बजावलं आणि मग माझ्याकडे बघितलं. छप्पन्न-सत्तावन्नची, सावळी, हाडापेरानं मजबूत बाई. चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. मी मनात म्हटलं, बाई पक्की मुरलेली आहे.

माझ्या संशयाला कारण होतं. सगळीकडे जन्मापेक्षा डोस कमीच भरतात. कुणी कामाला गाव सोडून जातं, कुणाच्या पोराला त्या दिवशी ताप असतो. डोस जास्त भरतात ते फक्त कागदावर, उद्दिष्ट गाठायची घाई झाली की. आदल्याच वर्षी दुसऱ्या तालुक्यात मी अशी एक सिस्टर पकडली होती. सोळा मुलं लिहिली होती आणि सोळाही हवेतली. ती निलंबित झाली, आणि मला भर बैठकीत उभं करून टाळ्या वाजवल्या गेल्या. त्या टाळ्या माझ्या कानातून अजून गेल्या नव्हत्या.

“माहेरी आलेल्या पोरींची आहेत ती,” सिस्टर म्हणाल्या.

“माहेरी बाळंतपणाला येतात, सिस्टर. म्हणजे बाळ इथे जन्मायला हवं, तुमच्या एक्केचाळीसात. मग सव्वा महिना झाला, तीन महिने झाले की लेक सासरी जाते. तुमचं सगळंच उलटं. बाळंतपण सासरी आणि डोस माहेरी?”

“होतं एखादीचं तसं.”

“एखादीचं नाही, नऊ जणींचं. बरं, कार्डावर जन्माचं ठिकाण का लिहिलेलं नाही?”

“राहिलं असेल.”

“नऊ वेळा?”

“पाच वाड्या आहेत साहेब माझ्याकडे, आणि मी एकटी आहे,” त्या म्हणाल्या आणि पुढच्या बाईला हाक मारली.

तेवढ्यात मागच्या दारात एक पोरगी येऊन उभी राहिली. पंचविशीची असेल. कडेवर चारेक महिन्यांचं बाळ, डोक्यावरून पदर पुढे ओढलेला. मला बघितलं मात्र, ती उंबऱ्यातूनच माघारी वळली. सिस्टर उठल्या, मागे गेल्या, हळू आवाजात काहीतरी बोलल्या आणि येताना दाराला कडी घालून आल्या.

“कोण होती?”

“भाची माझी.”

“डोसाला आली होती ना? मग परत का पाठवली?”

“तिला घाई नाही.”

आणि एक गोष्ट मी बघितली. टेबलावर सरकारी रजिस्टर उघडं होतं, पण सिस्टरनी कनवटीची एक छोटी वही काढली, त्यात पेन्सिलीनं एक खूण केली आणि वही पुन्हा कनवटीला खोचली. मी हात पुढे केला. “ती वही बघू.”

“ती सरकारी नाही, साहेब. ती माझी आहे.”

इथे पाणी मुरतंय याची माझी खात्री पटली. मी बॅग उचलली आणि सगळ्या बायकांसमोर स्पष्टच सांगितलं. “आठ दिवसांत ही नऊ मुलं खरी आहेत हे सिद्ध झालं नाही, तर तुम्ही निलंबित व्हाल. चौकशी बसेल. नोकरीची किती वर्षं राहिली?”

“दीड.”

“मग विचार करा. नऊ गावांची नावं सांगायची आहेत फक्त. दोन मिनिटांचं काम आहे.”

“दोन मिनिटांचंच आहे,” त्या म्हणाल्या. पण नावं काही त्यांनी सांगितली नाहीत.

ऑफिसात आमचे डॉक्टर हिरेमठ साहेब माझ्यासारखेच. आकडा जुळला नाही की त्यांना जेवण जात नसे. “कुलथे, बाई वयस्क आहे, गावात मान आहे तिला,” ते म्हणाले. “नुसत्या संशयावर मी हात घालणार नाही. पुरावा आणा. नाहीतर मुलं आणा.”

पुरावा आणायचा तो माझ्या क्यूबमधून. क्यूब म्हणजे फार काही भानगड नाही. माहितीचा एकच ढीग, पण त्याच्याकडे पाहिजे त्या बाजूनं बघायची सोय. जन्मांची एक क्यूब होती. कुठला दवाखाना, जन्माचा महिना कुठला, बाळाचं वजन किती, अशा तिच्या बाजू. लसींची दुसरी क्यूब. कुठलं उपकेंद्र, डोसाचा महिना कुठला, कितवा डोस, अशा तिच्या. दोन बाजू धरल्या की मध्ये आकडा दिसतो, आणि आकड्यावर टिचकी मारली की त्याच्या पोटातली नावं. एका क्यूबच्या आकड्यातून आरपार दुसऱ्या क्यूबमध्ये शिरायचं, त्याला ड्रिल-थ्रू म्हणतात. ती वाट मीच बांधली होती.

मी लसींच्या क्यूबमध्ये करंजटेकच्या त्या नऊवर टिचकी मारली आणि पलीकडे जन्मांच्या क्यूबमध्ये उतरलो. समोर अकरा हजार नावं आली. सगळ्या जिल्ह्याची वर्षभराची बाळं. त्याचं कारण साधं होतं. ‘उपकेंद्र’ ही बाजू लसींना होती, जन्मांना नव्हती. जन्मांना होता दवाखाना. ज्या बाजूची पलीकडे ओळखच नाही ती अट संगणक मुकाट्यानं सोडून देतो आणि सगळं पदरात ओततो. चूक झाली असंही म्हणत नाही. नाव लावून शोधावं तर तेही जुळेना. आपल्याकडे लग्नात तांदळात लिहून पोरीचं नावच बदलतात. सासरच्या दवाखान्यात ती वैष्णवी असते आणि माहेरच्या गावात कांचन.

तीन दिवस मी त्याच्याशी झटापट करत होतो. बायको म्हणाली, “भाजीवाल्याच्या काट्यावरसुद्धा तुमचा विश्वास नसतो, पण इतके दिवस एकाच बाईच्या मागे? काय केलंय काय तिनं?” मी म्हटलं, “खोटं बोललीय.” बायको म्हणाली, “कशासाठी, ते विचारलंत का?” मी म्हटलं, “उद्दिष्टासाठी, आणखी कशासाठी?” आणि जेवणावरून उठलो.

चौथ्या दिवशी डोक्यात उजेड पडला. दोन्ही क्यूबना कामाची सारखी बाजू नसेल तर ती तयार करायची. कार्डावर सिस्टरनी तीन गोष्टी लिहिल्याच होत्या. बाळाची जन्मतारीख, जन्मवेळचं वजन आणि आईचा रक्तगट. जन्मांच्या नोंदीतही त्या तिन्ही होत्या. तिन्हींची मिळून मी एक खूण केली आणि तिच्यावरून पूल टाकला. मला खात्री होती की एकही मूल पलीकडे पोचणार नाही. मुलंच नाहीत तर पोचणार कोण?

पहिलं मूल पोचलं. चौदा फेब्रुवारी, दोन किलो शंभर ग्रॅम, आईचा रक्तगट बी निगेटिव्ह. जन्म बोरदहिगावच्या आरोग्य केंद्रात, करंजटेकपासून नव्वद किलोमीटर. आईचं नाव वैष्णवी, नवऱ्याचं नाव, घराचा पत्ता, सगळं हजर. मग दुसरं पोचलं. तिसरं. दुपारच्या चहापर्यंत नऊच्या नऊ मुलं माझ्यासमोर उभी होती, सात वेगवेगळ्या दवाखान्यांत जन्मलेली, एकदम खरी.

खोटं कशाला बोलू, आधी मी खट्टू झालो. सावज हातचं गेलं. पण पाचच मिनिटं. मग जो आनंद झाला तो विचारू नका. सिस्टर निर्दोष ठरल्या म्हणून नव्हे. ज्या दोन क्यूबना एकमेकींची ओळख नव्हती त्यांना मी एकमेकींशी बोलायला लावलं होतं, आणि असं जिल्ह्यात काय, राज्यात कुणी केलं नसेल असं मला वाटत होतं. मी साहेबांना हाक मारून बोलावलं. ते खुर्चीमागे उभे राहून बघत राहिले.

“अरे वा, कुलथे! म्हणजे बाई खरं बोलत होती.”

“खरी होती, साहेब. नुसती आळशी. ठिकाण लिहायचा कंटाळा.”

“मग फाईल बंद करायला काय लागेल?”

“जन्म जिथे झाला त्या केंद्रांचा दाखला. होय, हे बाळ आमच्याकडचं, एवढं घरी जाऊन खात्री करून कळवलं की झालं. मी आजच यादी पाठवतो.”

हे मी म्हटलं. साहेबांनी नव्हे. मीच यादी केली. डाव्या बाजूला जन्माचं केंद्र, आईचं सासरचं नाव, नवऱ्याचं नाव, पत्ता. उजव्या बाजूला आईचं माहेरचं नाव, सध्याचा मुक्काम, वाडी, कुणाच्या घरी. सुबक यादी होती. सोमवारी दुपारी ती सातही केंद्रांना गेली. खाली मी ‘तातडीचे’ असं लिहिलं.

बुधवारी अकराच्या सुमारास मी सिस्टरना फोन लावला. माझा आवाज अगदी लग्नाची बातमी द्यावी तसा.

“सिस्टर, सुटलात तुम्ही! नऊच्या नऊ सापडली. तुमच्यावर काही बालंट नाही आता.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, बाई आनंदानं उठून उभी राहिली.

“सापडली म्हणजे?”

“कुठे जन्मली ते शोधून काढलं मी. तुम्ही सांगितलं नाहीत तरी.”

“कुणाला सांगितलंत?”

“यादी पाठवली ना. सगळ्या केंद्रांना. दाखल्यासाठी.”

“इथला पत्ता आहे त्यात? कुणाच्या घरी राहते ते?”

“आहे की. वाडीसकट.”

“कधी पाठवली?”

“परवा.”

“परवा,” त्या म्हणाल्या, आणि फोन बंद झाला. मी दोनदा पुन्हा लावला. कुणी उचलला नाही.  मी चिडलो. बाईला वाचवलं आणि बाई फोन आपटते. तरी मी फटफटी काढली.

करंजटेकला पोचलो तेव्हा उन्हं कलती होती. उपकेंद्राला कुलूप होतं. शेजारच्या दुकानदारानं वरच्या वाडीकडे बोट केलं. तिथे एका पत्र्याच्या घराच्या ओट्यावर सिस्टर बसल्या होत्या. पायांत चप्पल नव्हती. त्यांच्या शेजारी एक म्हातारी बाई, आणि ती सारखी एकच वाक्य बोलत होती. “च्या बी न्हाई घेतला वो त्यांनी. गाडी बी बंद केली न्हाई.”

“कोण आलं होतं?” मी विचारलं.

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं वाटलं असतं.

“बोरदहिगावची जीप. सासू, नवरा, दोन दीर. मी फोन ठेवून पळत आले, तर तासभर आधीच येऊन गेले होते. सासूनं बाळ उचललं आणि जाऊन गाडीत बसली. मग कांचन आपोआप मागनं गेली. तिला कुणी ओढलं नाही, हात लावला नाही. बाळ गाडीत असलं की आई कुठं राहते?”

मला त्या दिवशीची मागच्या दारातली पोरगी आठवली. “कांचन म्हणजे तुमची भाची?”

“माझी कुणी नाही. ह्या आजीची भाची. माहेरी गेली असती तर पहिल्याच दिवशी सापडली असती. म्हणून मावशीकडं आली.”

“पण सिस्टर, ते तिचं सासर आहे. तो बाप आहे बाळाचा. घरी नेलं, यात…” बोलता बोलता माझाच आवाज खाली आला.

“यादी आहे तुमच्याकडं?”

मी बॅगेतून काढून दिली. त्यांनी ओळीवरून बोट फिरवलं. “सगळं आहे यात. वजन आहे, रक्तगट आहे, नवरा आहे. ह्या नऊ जणी काय आहेत, ते कुठं आहे?”

“म्हणजे?”

“मुलगा का मुलगी, साहेब?”

तो रकाना मी घेतला नव्हता. दोन्ही क्यूबना तेवढीच एक बाजू पहिल्यापासून सारखी होती. पण पूल बांधायला ती काय कामाची? निम्मा जिल्हा मुलगे, निम्मा मुली. म्हणून मी ती उघडलीच नव्हती.

“नऊच्या नऊ मुली आहेत,” सिस्टर म्हणाल्या. “कांचनची ही तिसरी. हिच्या बाराव्या दिवशी धाकट्या जावेनं कांचनला गुपचूप सांगितलं, आज सासू बाळाला घेऊन मळ्यातल्या घरी जाणार आहे, येताना एकटीच येईल. कांचन बाळाला पोटाशी धरून निघाली ती तीन गाड्या बदलून इथं. थोरल्या दोघी तिथंच राहिल्या. एकदम तिघींना घेऊन निघता आलं नाही तिला.”

“बाकीच्या आठ?”

“एकेकीची एकेक तऱ्हा. कुणाला दुसरी झाली म्हणून घराबाहेर काढलं आणि आता परत मागतायत, ते कशासाठी ते त्यांचं त्यांना माहीत. कुणी कांचनसारखी पळून आलेली. गावाला सांगायचं माहेरपणाला आलीय. गावालाही कळतं, पण गाव तोंड उघडत नाही. एकीनं दुसरीला सांगितलं, दुसरीनं तिसरीला. करंजटेकच्या बाई विचारत नाहीत म्हणून.”

“पोलिसांत का नाही गेलात?”

“पहिलीच्या वेळी गेले होते. समजूत घालून तिला नांदायला पाठवली त्यांनी. तेव्हापासून मी सांगत नाही कुणाला.”

“मग मला तरी सांगायचंत!” मी जवळजवळ ओरडलोच. “त्या दिवशी एका शब्दानं सांगितलं असतंत तर…”

“तुम्ही बारा बायांच्या समोर विचारलंत, साहेब. आणि एकट्यात विचारलं असतंत तरी तुमच्या डोळ्यांत मी चोरच होते. चोराचं ऐकलं असतंत?”

 त्यांनीच पुढे सांगितलं, अगदी कामाचं बोलावं तसं. “मला खोटं ठिकाण लिहिता आलं असतं. इथंच जन्मली असं लिहिलं असतं तर एक्केचाळीसाचे पन्नास झाले असते आणि तुम्ही इकडं फिरकला नसता. पण खोटी नोंद मी चौतीस वर्षांत केलेली नाही. डोस दिला तर लिहायचा. वजन खरं लिहायचं, तारीख खरी लिहायची. फक्त एक रकाना मोकळा ठेवला. कोण कुठून आली, कुणाचा डोस राहिला, ते माझ्या त्या वहीत.”

दुसऱ्या दिवशी मी सिस्टरना घेऊन बोरदहिगावच्या पोलीस चौकीत गेलो. हिरेमठ साहेबांनी फोन केला होता म्हणून एक हवालदार बरोबर आला. चांगलं बांधलेलं घर, अंगणात ट्रॅक्टर. कांचन दारात आली. पदर डोक्यावरून पुढे, अगदी हनुवटीपर्यंत.

“बाई, तुम्हाला कुणी जबरदस्तीनं आणलंय का?” हवालदारानं विचारलं.

“न्हाई. मी माझ्या मर्जीनं आले.”

“काही तक्रार?”

“न्हाई.”

“बाळ कुठाय कांचन?” सिस्टरनी विचारलं.

“आत निजलंय.”

“मला दाखव. डोस राहिलाय तिचा. मी आणलाय बरोबर.” आणि खरंच त्यांनी लसीचा डबा वर उचलून दाखवला.

कांचन काही बोलायच्या आत सासू मागून म्हणाली, “आमच्या गावात बी दवाखाना हाय, बाई. आमचं आम्ही बघू.” हवालदारानं जबाब लिहून घेतला, कांचननं सही केली, आणि आम्ही निघालो. फाटकापाशी दोन मुली उभ्या होत्या, एक पाचेक वर्षांची, एक तिच्याहून लहान. सिस्टरनी थोरलीच्या गालाला हात लावला. परतीच्या वाटेवर नव्वद किलोमीटर त्या लसीचा डबा मांडीवर धरून बसल्या होत्या. करंजटेक आल्यावर उतरल्या आणि म्हणाल्या, “उरलेल्या आठ पुसता येतील का तुमच्या यादीतून?”

“सात ठिकाणी गेलीय ती, सिस्टर. ती आता माझ्या हातात नाही.”

“बरं,” त्या म्हणाल्या.

चार दिवसांत आठही जणी करंजटेकमधून गेल्या. कुठे, ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलंही नाही. सिस्टरच्या नावानं ऑफिसचं पत्र निघालं की नोंदी खऱ्या आढळल्या, चौकशी बंद करण्यात येत आहे. मीच ते टाइप केलं. पुढे तीन महिन्यांनी दुसरं पत्र निघालं. नऊ मुलांचे पुढचे डोस चुकले, खुलासा करावा. तेही माझ्याच क्यूबनं आपणहून काढलं. ती तर मी गळती शोधायलाच शिकवलेली होती. मी साहेबांपुढे जाऊन बसलो आणि हे पत्र थांबवा म्हणालो. साहेब म्हणाले, “कारण लिहून द्या.” कारण लिहायचं तर आठ जणींचं सगळंच लिहावं लागलं असतं, आणि लिहिलेलं कुठे कुठे जातं ते मी बघितलं होतं. मी उठलो.

सिस्टरनी खुलासा दिला. एका ओळीचा. ‘सदर मुले गाव सोडून गेली.’ त्यांच्या सेवापुस्तकात ताशेरा लागला, सगळ्या नोकरीतला पहिला आणि शेवटचा. निरोपसमारंभाला मी गेलो होतो. त्यांनी मला पेढा दिला, जसा सगळ्यांना दिला तसाच.

त्यांच्या खुलाशाच्या आसपासची गोष्ट. मी रोज लसींची क्यूब उघडत होतो. काय शोधतोय ते कुणाला सांगत नव्हतो. एके दिवशी डोंगरापलीकडच्या माळदरा उपकेंद्रात आकडा दिसला. डोस घेणारी मुलं हद्दीतल्या जन्मापेक्षा पाच जास्त. जन्माचं ठिकाण मोकळं. आणखी आठवड्यानं दुसऱ्या टोकाच्या एका उपकेंद्रात तीन जास्त. तेच, मोकळा रकाना. माझं बोट त्या आकड्यावर होतं. एक टिचकी मारली असती की पलीकडे सगळं दिसलं असतं, पूल अजून तसाच होता. मी बोट काढलं, आणि त्याच दिवशी तो पूल तोडला. कुणालाही पुन्हा जोडता येऊ नये असा तोडला.

महिनाअखेरच्या बैठकीत हिरेमठ साहेबांनी पडद्यावर काठी ठेवली. “कुलथे, हे माळदऱ्याला पाच जास्त कसे? आणि इथे तीन? पुन्हा बोगस नोंदी की काय?”

“नाही, साहेब. माझी चूक आहे. क्यूबमध्ये काहीतरी घोळ झालाय. दोनदा मोजली गेलीत.”

“तुमची चूक?”

“हो. माझीच.”

खोलीत कुणीतरी हसलं. साहेबांनी नाराजीनं मान हलवली आणि पुढच्या तालुक्याकडे वळले. पाच आणि तीन, आठ. मी त्यानंतर दोन वर्षं त्या नोकरीत होतो, आणि दर महिन्याला बोरदहिगावचं पान उघडत होतो. चौदा फेब्रुवारीला जन्मलेल्या, दोन किलो शंभर ग्रॅमच्या मुलीचा पुढचा डोस तिथे लागला नाही. बाकी कुठे लागला असेल म्हणून मी सगळा जिल्हा पालथा घातला. तिथेही नव्हता.